मॅग्नेटच्या राजदूतला डिजिटल मीटर : बॅटरी नाही, लावायची पण नाही

मंगळवारपेठकर | ७ जून, रात्री १०:४०

मंडळी, आधीच सांगतो, एक मीटर जाळून झालंय. त्यामुळं 'जळेल का' हा प्रश्न उरलेला नाही. पुढचं कसं वाचवू, ते विचारायला आलोय.

गाडी राजदूत १७५ मोटारसायकल, १९७४ ची, आबांची. वडणग्याहून कोल्हापुरात आबांनी ह्याच गाडीवर दूध घातलं, दोन्ही अंगाला कॅन बांधून. मला कळायला लागल्यापासून गाडीत बॅटरी नाही, दिवा आणि ठिणगी मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकांच्या विजेवर. बॅटरीच्या डब्यात एक फडकं, एक जादा प्लग आणि आबांची पानाची डबी असते. हॉर्न रबरी भोंग्याचा. गाडी मात्र दुसऱ्या किकला उठते.

मूळ मीटरचा काटा शून्यावर झोपलाय. केबल नवी टाकली तरी आतली गरारी घसरते. त्यात मे महिन्यात पन्हाळ्याच्या चढाला पिस्टन चिकटला. चूक माझीच, पेट्रोलमध्ये ऑईल अंदाजानं ओतलं होतं. तेव्हा ठरवलं की स्पीड, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) आणि तापमान दाखवणारं काहीतरी लावायचं.

ऑनलाइन १४५० रुपयांचं मीटर मागवलं. कागदावर लिहिलंय 'डीसी १२ व्होल्ट, ८ ते १८ चालेल'. लाल कायमची, तपकिरी किल्लीची, काळी अर्थ, पिवळी आरपीएमची. लाल आणि तपकिरी एकत्र करून हेडलाइटच्या वायरीला जोडल्या. दिवा चालू होता तोवर मीटर लुकलुकत होतं. दिवा बंद करून रेस दिली, पडदा पांढराफेक झाला आणि गेला. वास अजून हँडलला आहे.

खटक्यावरबोट | ७ जून, रात्री १०:५२

भावा, १४५० ची फुलबाजी! दिवाळीपर्यंत तरी थांबायचंस.

जयसिंगपूरचा_बुलेटवाला | ७ जून, रात्री ११:१५

एवढा व्याप कशाला? ६ व्होल्टची छोटी बॅटरी टाक, एसीचं डीसी करणारा एक रेक्टिफायर टाक, संपला विषय. माझी बुलेट ६८ ची आहे, हेडलाइटच्या वरच अँपिअर मीटर बसवलेलं. काटा मायनसला गेला की समजायचं बॅटरी खाली होतेय, प्लसला गेला की भरतेय. पन्नास वर्षं झाली, त्याच्यापेक्षा जास्त माहितीची गरज पडली नाही. बॅटरी मेलीच तर किल्लीवर इमर्जन्सीची खूण आहे, तिथं ठेवून किक मारायची.

मंगळवारपेठकर | ७ जून, रात्री ११:३१

दादा, बॅटरी नको म्हणतोय त्याला कारण आहे. पावसाळ्यात चार महिने गाडी बहुतेक वेळ ताडपत्रीखाली असते. दरवर्षी दसऱ्याला मेलेली बॅटरी काढायची आणि नवी आणायची, हे मी स्कूटरच्या बाबतीत केलंय. शिवाय बॅटरी टाकली तर आबांची पानाची डबी कुठं ठेवू?

निवृत्त_मास्तर | ८ जून, सकाळी ६:२०

पोरा, मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड शिकवला. तुझं मीटर जादा व्होल्टेजनं गेलं हे खरं, पण त्याआधी मूळची चूक बघ. हेडलाइटच्या वायरीत डीसी, म्हणजे एका दिशेचा प्रवाह, नाहीच.

फ्लायव्हीलला आतून चुंबकं असतात, ती कॉईलवरून फिरतात, कॉईलमध्ये एसी, म्हणजे सारखा दिशा बदलणारा प्रवाह, तयार होतो. बल्बचं काही बिघडत नाही, तार तापली की उजेड पडला. मीटरच्या आत चिप आहे, तिला एकाच दिशेचा आणि शांत प्रवाह लागतो. तू तिला एका सेकंदात चाळीस वेळा उलटसुलट केलंस.

आणि ह्या कॉईलला कुणी आवरणारं नाही. '६ व्होल्ट' हे नुसतं नाव. इंजिन किती फिरतंय आणि बल्ब किती ओढतोय, त्यावर खरं व्होल्टेज ठरतं. जुन्या मॅग्नेटच्या गाडीचा, लूनाचा हेडलाइट उडाला की पाठोपाठ टेलचा बल्ब उडतो, हे बघितलंस का कधी? लोक म्हणतात बल्ब नकली निघाला. बल्ब चांगला असतो. दोघांत वाटून जायचं ते एकट्याच्या अंगावर येतं.

आता जोडाजोडी करू नकोस. मल्टीमीटर एसीवर ठेव. हेडलाइट चालू असताना स्लोला, मधे आणि पूर्ण रेसला किती येतं ते लिही. मग हेडलाइट बंद करून तेच. आकडे आण, मग बोलू.

कुंभारगल्ली | ८ जून, सकाळी ९:०५

विषय थोडा सोडून बोलतो. २०१९ च्या पुरात आमच्या इथं दुकानाच्या अर्ध्या शटरपर्यंत पाणी होतं. इलेक्ट्रॉनिक सगळं असलेली माझी नवी स्कूटर पाण्यात राहिली, ती पुढं भंगारात गेली. काकांची राजदूत तिच्या शेजारीच बुडालेली. मिस्त्रीनं मॅग्नेट उघडला, गाळ धुतला, ठिणगीचे पॉइंट पुसले, कॉईल उन्हात वाळवली, क्रँकमधलं पाणी काढलं. तिसऱ्या दिवशी गाडी चालू. त्यामुळं जे काय लावशील ते असं लाव की एका क्लिपनं सगळं सुटून मूळ गाडी मागं राहील.

मंगळवारपेठकर | ८ जून, रात्री ९:४८

मास्तर, आकडे आणले. बायको टॉर्च धरून, मी एका हातानं रेस आणि दुसऱ्या हातानं मल्टीमीटर. शेजारचे दोघे खिडकीत.

दिवा चालू : स्लोला ४.२, मधे ६.७, पूर्ण रेसला ८.४.

दिवा बंद : मधे १९. पूर्ण रेसला ३१ दिसलं आणि मी हात काढून घेतला.

खटक्यावरबोट | ८ जून, रात्री ९:५५

३१?? म्हणजे मीटरला १८ झेपत होते आणि तू त्याला हलगी लावून नाचवलास.

निवृत्त_मास्तर | ९ जून, सकाळी ६:१०

३१ हा मल्टीमीटरचा आकडा. लाटेचा माथा त्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे ४३ च्या पुढं. आता कळलं ना वास कशाचा होता?

पहिलं काम, ह्या कॉईलला लगाम घाल. ६ व्होल्टचा एसी रेग्युलेटर मिळतो, मोपेडला असतो तसा. हेडलाइटची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये बसतो आणि जास्तीचं अर्थला पाजतो. आणि दिवा कायम चालू ठेव. नवीन दुचाक्यांना एप्रिल २०१७ पासून सरकारनंच ते सक्तीचं केलंय, तुझ्या म्हातारीनं पाळलं तर काय बिघडलं?

डीसी कसं करायचं ते नंतर. रेग्युलेटर लावून परत मोज.

वारणाकाठ | ९ जून, सकाळी ११:३०

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. चार डायोडचा (डायोड प्रवाह एकाच दिशेनं सोडतो) ब्रिज रेक्टिफायर टाका, लाटेच्या दोन्ही बाजू मिळतील. त्याच्यापुढं ६ चे १२ करणारं बूस्ट मॉड्यूल. एक्सएल६००९ चिपचं मॉड्यूल शे-दीडशेत मिळतं, ५ ते ३२ व्होल्ट आत घेतं. एका संध्याकाळचं काम.

मंगळवारपेठकर | १२ जून, रात्री ८:१५

रेग्युलेटर बसला. दिवा बंद करून पूर्ण रेसला आता ७.६. मास्तर, पहिला नमस्कार तुम्हाला.

दुसरं मीटर आणलं, ह्यावेळी ९०० चं. वारणाकाठ म्हणाले तसा ब्रिज टाकला. टेबलावर मांडून बघितलं, सुरेख चाललं. मीटरची पट्टी हँडलला आवळली आणि किक मारली तर हेडलाइट निम्मा, मीटर बंद, आणि ब्रिज एवढा तापला की बोटाला चटका. मीटर वाचलंय, पण झालं काय?

निवृत्त_मास्तर | १२ जून, रात्री ८:४०

झालं हे की तुझ्या कॉईलचं एक टोक मॅग्नेटच्या आतच बॉडीला बांधलेलं आहे. ब्रिजच्या मायनसला तू मीटरची काळी वायर जोडलीस. त्या मीटरचा धातूचा खोका आतून काळ्या वायरीला जोडलेला असणार. खोका हँडलला लागला की ब्रिजचा मायनसही बॉडीला लागला. म्हणजे चारपैकी एका डायोडची दोन्ही टोकं बॉडीवर, आणि निम्मी लाट दुसऱ्या डायोडमधून थेट शॉर्ट. टेबलावर चाललं कारण तिथं बॉडी नव्हती.

यावर तीन वाटा आहेत. कॉईलचं अर्थ टोक उपटून बाहेर काढायचं, पण त्यासाठी मॅग्नेट खोलावा लागतो, आणि पन्नास वर्षांची इनॅमलची तार हातात तुटली की गेली. मीटर रबरावर बसवून बॉडीपासून तोडायचं, हे चालतं, पण पावसात एक थेंब गेला की परत तेच. तिसरी वाट मला आवडते. उद्या सकाळी चहा झाल्यावर लिहितो.

वारणाकाठ | १२ जून, रात्री ९:०२

मास्तरांचं बरोबर आहे, कॉईलच्या अर्थचा विचार मी केलाच नव्हता. सॉरी भावा, ब्रिजचे पैसे माझ्याकडं लागू.

निवृत्त_मास्तर | १३ जून, सकाळी ६:३५

ऐक. डीसी वाढवायला मॉड्यूल लागतं. एसी वाढवायला दोन डायोड आणि वीज साठवणारे दोन कपॅसिटर पुरतात. तुझ्याकडं एसी आहे म्हणून तू रडतोयस, खरं तर ती सोय आहे.

हाईनरिश ग्राइनाखर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं १९१४ च्या सुमारास ही जोडणी मांडली. उलट्या अर्ध्या लाटेत पहिला कपॅसिटर भरून घ्यायचा. सुलट अर्धी लाट आली की तो भरलेला कपॅसिटर तिच्या खांद्यावर बसवायचा. दोघांची उंची मिळून दुसऱ्या कपॅसिटरमध्ये उतरते, जवळजवळ दुप्पट. हेच मजल्यावर मजले चढवून कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या शास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये अणूचा गाभा फोडला आणि १९५१ चं नोबेल घेतलं. तुला मीटर पेटवायचंय, एकच मजला बस.

तुझ्यासाठी खरी मेख पुढं आहे. ह्या जोडणीत कॉईलचं एक टोक आणि डीसीचा मायनस एकच असतो. म्हणजे बॉडीला अर्थ असलेली कॉईल चालते, बॉडीला अर्थ असलेलं मीटरही चालतं. मॅग्नेट खोलायला नको, रबर नको.

हिशोब कर. स्लोला ४.२ म्हणजे माथा ५.९. दुप्पट ११.८, दोन डायोडचे १.४ गेले, राहिले १०.४. मीटर ओढतं त्यात साधारण एक उतरेल. पूर्ण रेसला ८.४ चे असेच २२ पर्यंत जातील. त्याच्यापुढं १२ व्होल्टच बाहेर सोडणारा ७८१२ रेग्युलेटर लाव, तो ३५ पर्यंत सोसतो. मीटर १०० मिलिअँपिअर ओढत असेल तर त्यात जास्तीत जास्त एक वॉट उष्णता होईल, ॲल्युमिनियमच्या पट्टीला आवळलास की झालं. ७८१२ स्वतःसाठी दोन व्होल्ट खातो, म्हणून अगदी खालच्या स्लोला मीटर मंद होईल. स्लोचा स्क्रू अर्धा आटा आवळ.

कपॅसिटर किती मोठा? समजा फ्लायव्हीलच्या एका फेरीत दोन लाटा येतात. १२०० आरपीएमला सेकंदाला २० फेऱ्या, ४० लाटा. दोन लाटांमध्ये २५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट उतरतो. पुरे. ३५ व्होल्टचे घे, आणि १०५ डिग्री छापलेले घे, ८५ चे नको. डायोड १एन५४०८. दुकानदार ४० व्होल्टचा शॉट्की जातीचा डायोड देईल, म्हणेल कमी व्होल्ट खातो. खातो खरा, पण तुझा एसी रेग्युलेटर एकदा झोपला तर डायोडवर उलटे ८० च्या वर येतील. ७८१२ च्या आधी जादा व्होल्टेजचा झटका गिळणारा ३० व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि सगळ्यात आधी एक अँपिअरचा फ्यूज.

जयसिंगपूरचा_बुलेटवाला | १३ जून, सकाळी १०:२०

कपॅसिटरवरून आठवलं. आमच्या इथं एकाकडं साठच्या दशकातली इंग्लिश ट्विन, दोन सिलिंडरची मोटारसायकल आहे. तिच्यात लुकासचा २एमसी म्हणून निळा कपॅसिटर येतो, डब्यासारखा, स्प्रिंगमध्ये अडकवलेला. त्या १२ व्होल्टच्या गाड्या त्याच्यावर बॅटरीशिवाय चालत, आणि जास्तीचं व्होल्टेज झेनर डायोड खाऊन टाकायचा. तो कपॅसिटर टर्मिनल खाली करून बसवायचा असतो, स्प्रिंग कंपनं घेते. म्हणजे तू काही नवीन करत नाहीयेस. आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नुसत्या पायांवर लोंबकळत ठेवू नकोस, राजदूतची थरथर त्याचे पाय महिन्यात तोडेल.

सायकलस्वार_राजारामपुरी | १३ जून, दुपारी १:०८

हे सगळं वाचून डोकं गरगरलं. माझ्या जुन्या मोपेडला मी सायकलचा स्पीडोमीटर लावलाय. आरीला चुंबक, फोर्कला सेन्सर, आत सीआर२०३२ बटण सेल. गाडीच्या वायरीशी काडीचा संबंध नाही. सेल वर्षभर जातो. ९९ च्या पुढं दाखवत नाही, पण राजदूतला ९९ दाखवायचं म्हटलं तर जोतिबाच्या डोंगरावरून ढकलून द्यावी लागेल.

मंगळवारपेठकर | १३ जून, दुपारी १:३०

राजदूतबद्दल असं बोलायचं काम नाही!

पण आयडिया खरंच चांगली आहे. आरपीएम नको असता तर हेच केलं असतं.

मंगळवारपेठकर | २० जून, रात्री १०:२२

झालं. चालतंय!

शाहूपुरीतून सामान आणलं, सगळं मिळून मीटरच्या निम्म्यापेक्षा कमी. कपॅसिटर पट्टीनं आवळून मग सिलिकॉन भरलं. हा सगळा ऐवज जेवणाच्या छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि तो डबा बॅटरीच्या जागेत. पानाची डबी शेजारी बसली, आबा खूश. सगळ्या वायरी एकाच क्लिपवर आणल्यात, कुंभारगल्लीवाल्यांनी सांगितलं तसं.

स्पीडचा सेन्सर पुढच्या चाकाला. ब्रॅकेट उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून काढून दिलं, पैसे विचारले तर म्हणाला गाडी एकदा दाखवायला आण. चाकाचा घेर मीटरमध्ये भरावा लागतो. टायरवरचं माप बघून गणित करू नका. मी टायरला खडूची रेघ मारली, गाडीवर बसून पाच फेऱ्या पुढं ढकलली, फरशीवरचं अंतर टेपनं मोजलं आणि पाचानं भागलं. रिकामी गाडी ढकलून मोजलं होतं तेव्हा फेरीमागं १४ मिलिमीटर जास्त आले होते. बसल्यावर टायर दबतो.

आता रडगाणं. आरपीएम स्लोला २४०० दाखवतंय. गाडी २४०० ला असती तर गल्लीत कुणी झोपलं नसतं.

वारणाकाठ | २० जून, रात्री १०:३५

मीटरच्या सेटिंगमध्ये एका फेरीला किती ठिणग्या ते असतं. कारखान्यातून ०.५ वर आलं असेल, म्हणजे दोन फेऱ्यांना एक ठिणगी, फोर स्ट्रोकच्या हिशोबानं. तुझी टू स्ट्रोक एक सिलिंडर, दर फेरीला एक. १ वर टाक. हे फुकट, ब्रिजची भरपाई.

मंगळवारपेठकर | २१ जून, रात्री ८:५०

१ वर टाकलं, स्लोला १२०० आलं. पण रेस दिली की ४००० वरून एकदम ९०००, मग १४०००, मग ३०००. पिवळी वायर इग्निशन कॉईलच्या प्रायमरीला, म्हणजे पॉइंटकडच्या बाजूला जोडली आहे.

निवृत्त_मास्तर | २२ जून, सकाळी ६:०५

काढ ती आधी! पॉइंट उघडले की त्या वायरीत दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, आणि नंतर ती घंटेसारखी थरथरत राहते. प्रत्येक थरथर मीटर ठिणगी म्हणून मोजतं. आणि उद्या मीटरमध्ये ती वायर शॉर्ट झाली तर ठिणगीच बंद, गाडी घाटात उभी.

पिवळी वायर प्लगच्या जाड वायरीवर बाहेरून गुंडाळ. दोन वेढे, चिकटपट्टी. धातूला धातू लागायला नको. प्लग कॅप पाच किलोओहम रेझिस्टरची घे. आणि ही पिवळी वायर बाकीच्या वायरींच्या जुडग्यातून नेऊ नकोस, टाकीच्या दुसऱ्या बाजूनं ने.

मंगळवारपेठकर | २२ जून, रात्री ९:१२

पाच वेढे घातले होते, उड्या मारत होतं. दोन केले, कॅप बदलली, थांबलं. आता काटेकोर चालतंय, म्हणजे निदान माझ्या कानाला पटतंय.

बाकी दोन गोष्टी. गाडी बंद केली की घड्याळ १२:०० वर जातं आणि ट्रिप शून्य होते. एकूण किलोमीटर राहतात. लाल वायर कायमच्या बॅटरीची ना, ती तपकिरीबरोबरच आहे.

खटक्यावरबोट | २२ जून, रात्री ९:२०

लाल वायरीला गेटच्या रिमोटमधला १२ व्होल्टचा बारका सेल लाव की.

निवृत्त_मास्तर | २२ जून, रात्री ९:४४

ए२३ म्हणतोयस तो. त्यात साधारण ५५ मिलिअँपिअर-तास असतात. घड्याळ दोन मिलिअँपिअर ओढत असेल तर सव्वा दिवसात सेल संपला. मनगटावर घड्याळ आहे ना?

वडणगेकर_पुतण्या | २३ जून, सकाळी ८:००

एक शंका. गाडी १९७४ ची, पन्नास वर्षं उलटली. पुढं व्हिंटेजमध्ये नोंदवायची असेल तर हे मीटर आडवं येणार नाही ना?

जयसिंगपूरचा_बुलेटवाला | २३ जून, सकाळी ८:४५

केंद्राचा नियम जुलै २०२१ चा आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं वैध, नूतनीकरणाला ५,०००. मात्र त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे आधी बघ. क्लिपनं सुटणारं मीटर हा काही इंजिनातला बदल नाही. पण मूळ मीटर फेकू नकोस, आणि हेडलाइटचा डोम कापायचा मोह आवर. डोम परत मिळत नाही.

मंगळवारपेठकर | २३ जून, दुपारी १२:१०

डोमला हात लावला तर आबा मला नोंदवतील. मूळ मीटर जागेवरच आहे, काटा झोपलेला. नवीन मीटर त्याच्या पुढं हँडलच्या क्लॅम्पवर.

आता तापमान. मीटरबरोबर आलेला सेन्सर पाण्यात बुडवायचा आहे, रेडिएटरच्या गाड्यांचा. माझ्या गाडीत पाणी फक्त पावसाचं.

भट्टीवाला_उद्यमनगर | २३ जून, दुपारी ३:४०

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता माझ्या घरचा विषय आला. आमच्याकडं हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे, दिवसभर थर्मोकपलशीच, म्हणजे तापमान मोजायच्या तारांशीच खेळतो. के टाइपची तार घ्यायची, क्रोमेल आणि अल्युमेल अशा दोन वेगळ्या धातूंची. टोकाला जोडून तापवली की ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे २०० अंशांच्या फरकाला आठ मिलिव्होल्ट. ना बॅटरी लागते ना मॅग्नेट. जुन्या विमानांत सिलिंडर हेडची तापमानाची घड्याळं ह्याच तत्त्वावर चालायची, काटा त्या मिलिव्होल्टवरच हलायचा.

तुझ्या प्लगखाली १४ मिलिमीटरचं तांब्याचं वॉशर असतं. तसलं एक आण, मी त्याला तारेचं टोक ब्रेझिंग करून देतो. पुढं बाजारातला हातात धरायचा थर्मामीटर, त्याचा स्वतःचा ९ व्होल्टचा सेल असतो. एक लक्षात ठेव, तार कमी पडली तर मधे साधी तांब्याची वायर जोडायची नाही, आकडा चुकतो. लांब तारच घे.

आणि आकड्याच्या मागं लागू नकोस. वॉशरवर दिसतं ते पिस्टनचं तापमान नव्हे. आठवडाभर सपाटीला किती राहतं ते बघून ठेव, आणि त्याच्यापेक्षा भराभर चढायला लागलं की गॅस सोड.

मंगळवारपेठकर | ५ जुलै, रात्री ९:३०

काल पन्हाळ्याला जाऊन आलो. ऑईल ह्यावेळी मापानं, लिटरला ४० मिली. आबा मागं बसले होते.

शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत १४५ ते १५० च्या मधे. मीटर नीट, आरपीएम नीट. खड्ड्यात एकदा पडदा गेला आणि परत आला, फ्यूजची क्लिप सैल होती, आवळली. चढ सुरू झाला तसं १७०, १८५. माझं लक्ष सगळं त्या थर्मामीटरवर, तो टाकीवर रबर बँडनं बांधलाय.

वाघबीळच्या अलीकडं आबांनी पाठीवर थाप मारली. "थांब. तापली."

खाली बघितलं, २०३.

बाजूला लावली. आबांनी बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन सिलिंडरच्या पाकळीवर एक थेंब टाकला. चुर्र झालं. "अजून दहा मिनिटं," म्हणाले आणि पानाची डबी काढली. पुढचा थेंब टाकून त्यांनी चल म्हटलं तेव्हा थर्मामीटरवर ११८ होतं.

खटक्यावरबोट | ५ जुलै, रात्री ९:३६

आबांना किती व्होल्ट लागतात रे?

मंगळवारपेठकर | ५ जुलै, रात्री ९:४०

एक पान, अर्धा चहा. स्लोला पण चालतात.

भट्टीवाला_उद्यमनगर | ५ जुलै, रात्री १०:०५

आबांना एकदा आमच्या भट्टीवर घेऊन ये, आमचं एक कंट्रोलर खोटं बोलतंय असा मला संशय आहे.

लूनावाला_इचलकरंजी | ९ जुलै, सकाळी ११:५५

धागा वाचून मी पण करायला घेतलंय, माझ्या आईच्या जुन्या मोपेडला. जोडणीत मास्तरांनी सांगितलेला पहिला कपॅसिटर, तो कुठल्या बाजूनं लावायचा? प्लस हेडलाइटच्या वायरीकडं का डायोडकडं?

मंगळवारपेठकर | ९ जुलै, दुपारी १२:२०

प्लस डायोडकडं, मायनस हेडलाइटच्या वायरीकडं. दुसऱ्या कपॅसिटरचा मायनस बॉडीला. जोडायच्या आधी स्केच पेननं डब्यावर लिहून ठेव. मी एकदा उलटा लावलाय. आबा तेव्हा आत झोपले होते, आणि तो आवाज कशाचा होता हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.